द्वारकेची शेवटची सोळा पानं

परवाच्या शनिवारी फरीदाबादला, लहानपणच्या शेजारणीच्या, नलूकाकूंच्या घरी, ते पुस्तक मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातात घेतलं आणि सवयीने शेवटाकडून उघडलं. कुठलाही कागद मी शेवटाकडून वाचते. नोटीस असो, अर्ज असो, पत्रक असो, मागणी शेवटी असते. दोनशे चोविसावं पान. सगळ्यात खालची ओळ: ‘द्वारकेने हिरवं निशाण उजव्या हातात घेतलं आणि’. त्यापुढे पुठ्ठा.

आधी वाटलं पानं चिकटलीत. नख घालून पाहिलं. ब्राऊन पेपरच्या कव्हराआड शिलाईचा पिवळट दोरा लोंबत होता. पत्रकं छापून घ्यायला जाते त्या छापखान्यात मी एवढं शिकले आहे की पुस्तक सोळा-सोळा पानांच्या घड्यांनी शिवतात, आणि दोरा सुटला की एखादंच पान निसटत नाही, अख्खी घडी जाते. ती गेली होती. जुन्या कागदाचा वास मात्र जागच्या जागी होता, दमट पुठ्ठ्याचा आणि डांबराच्या गोळ्यांचा. तो घेत मी पुन्हा एकदा शेवटची पानं मोजली.

कारण दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी पाच वाजता, मंडी हाउसजवळच्या एका छोट्या हॉलमध्ये या कादंबरीवरचा सिनेमा दाखवणार होते. नंतर चर्चा. दिग्दर्शक मुंबईहून येणार. आणि चर्चेच्या सुरुवातीला नलूकाकू, वय अडुसष्ट, याच प्रतीतून कादंबरीचा खरा शेवट सगळ्यांसमोर वाचणार होत्या. ही मागणी माझी होती. लेखी होती. तिच्यासाठी मी पत्रक काढलं होतं.

स्वयंपाकघरातून मेथी निवडल्याचा हिरवा वास येत होता. ‘काय पुढारी,’ काकूंनी हाक मारली, ‘सापडलं का पुस्तक?’

‘सापडलं,’ मी म्हटलं.

ज्या गच्चीवर ही कादंबरी मी ऐकली ती आता नाही. दक्षिण दिल्लीतली सरकारी वसाहत, पिवळ्या रंगाची दुमजली क्वार्टरं, मागून रिंग रेल्वेचा रूळ. मध्यंतरी बसमधून तिथून गेले तर पत्र्याचं उंच कुंपण आणि वर क्रेनची मान. आमच्या कडुनिंबाचा शेंडा कुठे दिसतो का, ते मान वळवून पाहत राहिले. बस पुढे गेली.

जानेवारीत धुकं साडेदहा-अकराला उठायचं. मग सगळ्या क्वार्टरांतून एकदम माणसं वर यायची, जशी काही कुणी शिट्टी फुंकलीय. रजया कठड्यावर पडायच्या. त्यांच्या कापसातून डांबराच्या गोळ्यांचा वास उन्हाबरोबर फुगत जायचा. संत्र्यांची सालं, शेंगदाण्यांची टरफलं, कुणाच्या तरी अंगीठीतला विझत आलेला कोळसा. खालून कबाडीवाल्याची लांबलचक हाक. आणि रविवार असला की नलूकाकूंची प्लॅस्टिकची खुर्ची, पाठ उन्हाकडे, मांडीवर ते पुस्तक. समोर चटईवर आम्ही आठ मुलं. सातारा, नागपूर, कोल्हापूर, रत्नागिरी असे आमचे बाप कुठून कुठून केंद्र सरकारच्या नोकरीत आलेले. आमचं घरातलं मराठी उंबऱ्यापर्यंत टिकायचं आणि जिन्यावर हिंदी व्हायचं.

वाचनाचा एक कायदा होता. काकू वाचत असताना आम्ही मटार सोलायचे. पाच किलोची थैली असायची, आठवड्याची. ज्याला शब्द कळला नाही त्याने मध्ये बोलायचं नाही. एक दाणा बाजूच्या वाटीत टाकायचा आणि शब्द लक्षात ठेवायचा. प्रकरण संपलं की काकू वाटीतून एकेक दाणा उचलून विचारायच्या, ‘हा कुणाचा?’ ज्याचा असेल त्याने शब्द सांगायचा, अर्थ ऐकायचा आणि दाणा खायचा. निखारा. सांधेवाला. ओसरी. पाणवठा. ते शब्द आजही मला गोडसर, कच्चे लागतात.

रेहान शेखचे दाणे सगळ्यात जास्त असायचे. एकदा द्वारकेने फुंकर मारून चिमणी विझवली, तेव्हा त्याने दाणा टाकलाच नाही, सरळ उभा राहिला. ‘काकू, चिडिया? जिवंत?’ काकू इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मग खाली जाऊन त्यांनी देवापुढचा दिवा आणून दाखवला आणि सांगितलं की अशी, पण काचेची आणि रॉकेलची.

कादंबरी द्वारकेची होती. त्या नावाची बाई असते यावर आमचा बराच काळ विश्वास नव्हता, कारण आमच्यासाठी द्वारका म्हणजे निळ्या मेट्रोचं एक टोक. ही द्वारका दख्खनच्या माळावरच्या रेल्वे फाटकाशी राहायची. नवरा फाटकवाला. तो जातो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पॅसेंजर यायची वेळ होते तेव्हा फाटक ती लावते. तिसऱ्या दिवशीही तीच. कुणी सांगितलेलं नसतं. महिने जातात. मग एक दिवस रेल्वेचा माणूस येऊन सांगतो की नवा फाटकवाला नेमला आहे, खोली रिकामी करा.

कधी कधी काकू गाडीचं वर्णन वाचत असताना मागच्या रुळावरून खरीच गाडी जायची. काकू बोट ओळीवर ठेवून थांबायच्या. आम्हीही थांबायचो, हातात अर्धी शेंग. गाडी गेली की त्या पुढची ओळ अशा वाचायच्या जणू ती गाडी पुस्तकातलीच होती आणि वेळेवर आली होती.

आम्ही ही कादंबरी चार हिवाळे ऐकली. पहिले तीन हिवाळे काकू एका ठरावीक ठिकाणी पुस्तक मिटायच्या. द्वारका हिरवं निशाण हातात घेते आणि, मिटलं. ‘पुढचं पुढच्या वर्षी. ऊन गेलं.’ आम्ही गलका करायचो. चौथ्या हिवाळ्यात त्या थांबल्या नाहीत.

सिनेमा मी तीन आठवड्यांपूर्वी पाहिला. रेहानने पास दिला होता. तो आता गुडगावला सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि रविवारी मराठी सिनेमे दाखवणाऱ्या मंडळींचं काम बघतो. मी नोटिसा आलेल्या वस्त्यांमध्ये काम करते. कुणाला घर रिकामं करायचं फर्मान आलं की तिथे जाऊन अर्ज लिहायचे, पत्रकं काढायची, लोकांना एकत्र बसवायचं. का करतेस, असं विचारलं की मी द्वारकेचं नाव सांगते. लोक म्हणतात, अरे वा, वाचली आहेस? मी म्हणते, हो, लहानपणीच.

खरं सांगायचं तर पहिली वीस मिनिटं मला सिनेमा आवडत होता, आणि त्याचा रागही येत होता. माळाचा रंग बरोबर होता. फाटकाची साखळी ओढताना जो कडकड आवाज यायला हवा तो येत होता. रात्रीची गाडी जाते तेव्हा तिच्या खिडक्यांचे उजेड द्वारकेच्या चेहऱ्यावरून एकामागून एक सरकत जातात, आणि शेवटचा डबा गेल्यावर चेहराच उरत नाही. हे काकूंच्या वाचण्यात नव्हतं. त्यांच्या वाचण्यात गाडी आधी पायाला कळायची, जमिनीतून. सिनेमाला पाय नसतात. त्याने डोळ्यांनी केलं, चांगलं केलं, मान्य.

पण नटीची नखं स्वच्छ होती. फाटकाच्या साखळीला ग्रीस असतं, बाबांनो! स्वयंपाकाला धूर नव्हता. बकरी नव्हती. द्वारकेची बकरी, जी रेल्वेच्या साहेबाच्या, रुळावरून ढकलत आणायच्या ट्रॉलीपुढे उभी राहते, जिच्यासाठी आम्ही आठ जण चटईवर लोळून हसायचो, ती संपूर्ण गायब. आणि मग शेवट. शेवटी द्वारका दोन्ही निशाणं नव्या माणसाच्या हातात देते, एक ट्रंक बैलगाडीत ठेवते आणि जाते. पाठमोरी. मागे सनई. थिएटरात टाळ्या वाजल्या. बाई घर सोडून चालली आहे आणि लोक टाळ्या वाजवताहेत! मी हाताची घडी घालून बसून राहिले.

कारण मला ठाऊक होतं काय घडतं ते. द्वारका हिरवं निशाण घडी घालून चुलीमागे ठेवते, लाल उचलते आणि रुळांमध्ये जाऊन उभी राहते. साहेबाची ट्रॉली थांबते. फाटकाच्या दोन्ही बाजूंना बैलगाड्या थांबलेल्या असतात. एकेक गाडीवान बैल सोडतो आणि जमिनीवर बसतो. कुणी घोषणा देत नाही. साहेब ट्रॉली उलटी ढकलायला लावतो. बकरी ओरडते. संपलं.

रात्रीच्या आत पत्रक तयार झालं. मथळा: ‘द्वारकेला घराबाहेर काढणारे तुम्ही कोण?’ पाठपोट एक पान. त्यात लिहिलं की एका अभिजात कादंबरीचा कणा मोडून सिनेमावाल्यांनी लढणाऱ्या बाईची रडणारी बाई केली. बकरीचा मुद्दा वेगळ्या परिच्छेदात. शेवटी मागणी: पुढच्या खेळाला मूळ शेवट जाहीर वाचला जावा. कॉपर्निकस मार्गावरच्या अतिथिगृहात मराठी जेवायला येणाऱ्यांना वाटलं. सगळ्या मंडळांच्या ग्रुपवर टाकलं. काकूंनाही पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, ‘छान लिहिलंस.’ दिग्दर्शकाचंही आलं, फार सभ्य: ‘तुमची प्रत जरूर पाहायला आवडेल.’ मी ते वाचून हसले होते. घाबरला, म्हटलं.

‘काकू, शेवटची पानं कुठायत?’

मी पुस्तक घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. काकूंनी मेथीच्या काड्यांचा ढीग कागदात गुंडाळला, हात धुतले, पुसले. एवढा वेळ घेतला की मला वाटलं, त्यांनी ऐकलंच नाही.

‘नव्हतीच ती,’ त्या म्हणाल्या. ‘पहाडगंजला स्टेशनच्या बाजूला जुनी पुस्तकं मिळायची. तिथून आणलं तेव्हापासून असंच आहे.’

‘मग तुम्ही वाचलंत ते?’

‘ते मी वाचलं.’

‘कुठून?’

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं जसं आमच्यातलं कुणी दाणा न टाकता मध्येच बोललं की बघायच्या. ‘मला वाटलं एव्हाना तुम्हाला कळलं असेल. मोठे झालात, शिकलात. कुणीतरी पुस्तक विकत घेऊन वाचलं असेल.’

कुणीही वाचलं नव्हतं. आठांपैकी एकानेही नाही. ऐकलं म्हणजे वाचलं, असंच आम्ही धरून चाललो होतो. मी एका न वाचलेल्या कादंबरीच्या बाजूने पत्रक काढलं होतं, आणि ज्याने ती वाचून सिनेमा केला त्याला कादंबरी शिकवली होती.

मी बाल्कनीत जाऊन रेहानला फोन लावला. ‘मंडळाच्या लायब्ररीतून नवीन आवृत्ती आण. आत्ता. शेवटची सोळा पानं वाच.’

‘का गं, काय झालं?’

‘आण तर यार! काकूंच्या पुस्तकात ती पानंच नाहीत.’

तासाभराने फोन आला. तोवर मी बाल्कनीतल्या तुळशीची वाळकी पानं काढून काढून ती बिचारी निम्मी करून टाकली होती. रेहान अडखळत, अक्षरं लावत वाचत होता. त्याचं मराठी वाचन माझ्यापेक्षाही कच्चं. ‘द्वारकेने हिरवं निशाण उजव्या हातात घेतलं आणि... आणि नव्या माणसाच्या हातात दिलं. मग लाल.’ थोडा वेळ नुसता पानांचा आवाज. ‘अगं, ती जाते. सिनेमात आहे तसंच. बैलगाडी, ट्रंक, सगळं.’

‘आणि बकरी?’

‘शोधली. दुसऱ्या प्रकरणात आहे. एक पान. मग विकतात तिला.’

मी तुळशीचं एक हिरवं पानही तोडलं.

‘मी उद्याचं वाचन काढून टाकू का?’ रेहानने विचारलं. ‘सांगतो की काकूंची तब्येत बरी नाही. त्या माणसासमोर काकू ते पुस्तक उघडणार, दोनशे लोक, आणि पान नाही. यार, त्यांना असं नाही करू शकत आपण.’

मी आत आले. काकू कणीक मळत होत्या. मी म्हटलं, ‘उद्या तुम्ही येऊ नका. मी सांगते सगळ्यांना की माझी चूक झाली.’

‘येणार,’ काकू म्हणाल्या.

‘काय वाचणार?’

‘बघू.’

‘काकू, तो दिग्दर्शक येणार आहे. त्याला सगळं पुस्तक पाठ असेल. लोक हसतील तुम्हाला.’

‘तू पत्रक वाटलंस तेव्हा हे विचारायचं होतंस,’ त्या म्हणाल्या. चिडून नाही. कणकेला पाण्याचा हबका मारून त्या पुन्हा मळायला लागल्या.

‘मग तुम्ही मला छान का म्हणालात?’

‘छान लिहिलं होतंस म्हणून. इतकी चिडली होतीस तिच्यासाठी. कशाला मोडू?’

चौथा हिवाळा. त्या वर्षी दिवाळीनंतर काका नव्हते. का, कसं, हे आम्हा मुलांना कुणी नीट सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. काकूंच्या खोलीत घड्याळ बंद होतं आणि दाराशी काकांच्या चपला तशाच होत्या, एवढं दिसायचं. जानेवारी आला, धुकं उठलं, काकू खुर्ची घेऊन वर आल्या. मटार तसेच होते. वाटी तीच होती.

पण खाली पाणी प्यायला गेलं की मागच्या खोलीत खोकी दिसायची. टीव्हीचं खोकं, चहाच्या पेट्या, त्यावर सुतळी आणि काकूंच्या अक्षरात ‘भांडी’, ‘देव’, ‘पुस्तकं’. एका खोक्यावर नुसतंच ‘यांचं’. क्वार्टर ज्याच्या नावावर तोच गेला की घर किती दिवस ठेवता येतं याचे नियम असतात. ते आज मला तोंडपाठ आहेत. तेव्हाचा मला फक्त त्या सुतळीचा वास आठवतो, तागाचा, खरबरीत, नाकाला टोचणारा.

त्या रविवारी काकू दोनशे चोविसाव्या पानावर आल्या. आम्ही हात थांबवून वाट बघत होतो की आता मिटणार. त्यांनी पुस्तक थोडं वर धरलं, आमच्या आणि त्यांच्यामध्ये, आणि पुढे वाचत गेल्या. आवाज आधी बारीक होता. मग लाल निशाण आलं. मग बैल सुटले. तोवर आवाज असा झाला होता की शेजारच्या गच्चीवरच्या बायका रजया उलटायच्या थांबल्या. ट्रॉली मागे गेली तेव्हा आम्ही आठ जण उभे राहून ओरडलो, मटार सगळ्या गच्चीभर. रेहान तर कठड्यावर चढला. वाटीत त्या दिवशी एकही दाणा नव्हता.

फेब्रुवारीत टेम्पो आला. तीन खेपा झाल्या. आम्ही कुंड्या खाली नेल्या, दोघांनी एक. खात्याचा माणूस पंखे मोजत होता, नळ उघडून बघत होता. काकूंनी त्याच्या हातात किल्ल्या दिल्या, आधी पुढच्या दाराची, मग मागच्या. मग त्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसल्या, मांडीवर शिलाई मशीनचं डोकं. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होते. मला राग आला होता, पण कुणाचा ते कळत नव्हतं. द्वारका उठली नाही, मग या का उठल्या?

तीन आठवड्यांपूर्वी थिएटरात मला जो राग आला तो हाच होता की काय, अशी शंका मला काकूंच्या त्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा आली. सिनेमाने मला नवीन काहीच दाखवलं नव्हतं. किल्ल्यांऐवजी निशाणं होती, एवढंच. जे मी पायरीवर उभी राहून डोळ्यांनी पाहिलं ते पडद्यावर होतं, आणि जे कधी कुठे छापलंच गेलं नव्हतं ते माझ्या पत्रकात.

रविवारी ओल्ड फरीदाबादला आम्ही मेट्रोत बसलो. रेहानने शेवटच्या सोळा पानांचे फोटो पाठवले होते, आठ फोटो. काकूंनी माझा फोन मागून घेतला, चष्मा नाकावर सरकवला आणि दोन बोटांनी अक्षर मोठं करत वाचायला लागल्या. पहिल्यांदाच. पुस्तक घरात येऊन किती वर्षं झाली असतील, ते त्यांनी स्वतःही मोजलं नसेल.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. बदरपूर गेलं. तुघलकाबाद गेलं. चौथ्या फोटोवर त्या बराच वेळ थांबल्या. फोनचा उजेड कमी झाला की अंगठ्याने परत जागा करायच्या. गोविंदपुरीला डबा भरला. एका मुलीने माझ्या पिशवीतून डोकावणारं पत्रक वाचायला मान तिरपी केली तशी मी पिशवी उलटी धरली. काकू रडतील, असं वाटत होतं. किंवा परत फिरू म्हणतील. मी मनात भाषण जुळवत होते: पहिल्या ओळीत कबुली, शेवटच्या ओळीत माफी. मधलं काही सुचत नव्हतं.

जंगपुऱ्याला त्यांनी फोन परत दिला.

‘चांगलं लिहिलंय,’ त्या म्हणाल्या. ‘हात फार चांगले लिहिलेत तिचे.’ मग खिडकीकडे बघत, जिथे भुयारातला नुसता काळोख होता, ‘पण एक ट्रंक? बाई पंधरा वर्षं संसार करते आणि एका ट्रंकेत मावते होय? बाईमाणसाने लिहिलं असतं तर निदान पाटा-वरवंटा तरी चढवला असता गाडीवर.’

मला हसू आलं आणि लगेच भीती वाटली. ‘काकू, हे तिथे बोलणार?’

‘तू नेहमी एवढी घाबरतेस का? पत्रकात तर मोठी वाघीण असतेस.’

हॉल भरला होता. आमच्या चटईवरच्या आठांपैकी पाच जण आले होते, पोटं सुटलेले, गळ्यात ऑफिसचे पट्टे, एकाच्या कडेवर मूल. सिनेमा मी पुन्हा पाहिला. बकरी आली नाही म्हणून या वेळी चिडले नाही. गाडीच्या खिडक्यांचे उजेड द्वारकेच्या तोंडावरून सरकले तेव्हा शेजारी काकूंनी श्वास घेतलेला मला ऐकू आला. शेवटी पुन्हा टाळ्या पडल्या. काकूंचे हात मांडीवरच होते.

रेहानने मला आधी बोलावलं, आमचं तसं ठरलं होतं. मी माईक घेतला. ‘पत्रक माझं आहे. त्यात मी लिहिलंय की सिनेमाने कादंबरीचा शेवट बदलला. तसं नाही. शेवट कादंबरीत हाच आहे. मी कादंबरी वाचलेली नाही.’

मागून एक काका मोठ्याने म्हणाले, ‘मग पत्रक काय हवेतून काढलंस?’ हशा पिकला. दिग्दर्शकही हसला, पण खाली बघून.

‘ऐकून काढलं,’ मी म्हटलं. ‘चूक माझी. पूर्ण माझी.’ काकूंचं नाव घ्यायचं नाही असं मी ठरवून आले होते, पण त्या तोवर उठल्या होत्या. पुस्तक छातीशी धरून, एकेक पायरी हाताने चाचपत त्या स्टेजवर चढल्या. रेहान पुढे झाला तर त्याला म्हणाल्या, ‘हो बाजूला, येतं मला.’

त्यांनी ब्राऊन पेपरचं पुस्तक दिग्दर्शकापुढे टेबलावर ठेवलं आणि शेवटचं पान उघडलं. ‘तुम्हाला प्रत बघायची होती ना. बघा. पानं नाहीत. या मुलांना मी जे वाचून दाखवलं ते माझं होतं. हिला माहीत नव्हतं.’

मी पहिल्या रांगेत उभीच होते, बसायचं सुचलं नव्हतं. आता हसतील, असं वाटून मी मागे वळून त्या काकांकडे रोखून बघत राहिले.

दिग्दर्शकाने तुटका दोरा बोटाने हलवून पाहिला. मग अगदी हळू विचारलं, ‘काय वाचलंत तुम्ही?’

काकूंनी सांगितलं. लाल निशाण, बैल, ट्रॉली. बकरीसुद्धा सांगितली. गच्चीवरचा तो आवाज नव्हता. भाजी कशी केली ते सांगावं तसं.

‘पण ती तर जाते, काकू,’ तो म्हणाला. ‘तिला जावंच लागतं. तुम्ही का थांबवलंत?’

‘आठ पोरं समोर बसली होती,’ काकू म्हणाल्या. ‘आणि खाली माझी खोकी बांधलेली होती. मी तिला कुठे पाठवणार होते?’

कडेवरचं मूल कुरकुरलं. त्याचा बाप, आमच्यातलाच एक, ते घेऊन बाहेर गेला नाही.

‘तुम्ही पाठवलीत,’ काकू पुढे म्हणाल्या. ‘लेखकानेही पाठवली. ठीक आहे, खरं तसंच असतं. मी आज तेच वाचलं, तेच पाहिलं. पण गाडी निघाली की तुम्ही दोघंही संपवता. त्यानेही तिथेच संपवलं, तुम्हीही तिथेच. मला एवढंच सांगा, ती पोचली कुठे?’

दिग्दर्शकाने माईक उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला.

‘माहीत नाही, काकू.’

‘टेम्पोत बसले तेव्हा मलाही नव्हतं,’ काकू म्हणाल्या.